डोक्याचा मुका मार आणि ‘लागलं नाही ना?’ हा प्रश्न

खो-खोमध्ये आठ जणी चौकोनात बसतात आणि शेजारशेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना असतात. एकीचं या बाजूला, पुढचीचं त्या बाजूला. मैदानावर पहिल्या आठवड्यात शिकवायची ही गोष्ट. तीन वर्षं खेळलेली पोर ती झोपेतसुद्धा चुकत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं पीटीचा मास्तर होतो. तालुक्याच्या सामन्यात आमची सातवीतली एक पोरगी पळणारीला टिपायला खांबाकडं झेपावली. हात खांबाभोवती बरोबर गेला, पण त्याबरोबर कपाळाची एक बाजूही खांबावर बसली. आवाज मला ऐकू आला. ती उठली, हसली, गुडघ्याची माती झटकली. रक्त नाही, टेंगूळ नाही. मी कडेवरून ओरडलो, “लागलं नाही ना गं?” तिनं मान हलवली, नाही म्हणून. मग ती पळाली, खो दिला, रिकाम्या चौकोनात बसली आणि बसली ती शेजारणीच्याच बाजूला तोंड करून. बघणारी पोरं खदाखदा हसली. मी चिडलो. “लक्ष कुठाय तुझं?”

परतताना टेंपोत तिनं मला विचारलं, “सर, आपण जिंकलो काय?” मी म्हटलं, हरलो. पाच मिनिटांनी परत तोच प्रश्न. पोरी म्हणाल्या, “नाटक करूलीय सर ती.” तिसऱ्यांदा तिनं अगदी पहिल्यांदाच विचारावं तशा चेहऱ्यानं विचारलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तिला घरी न सोडता थेट दवाखान्यात नेलं. सुदैवानं आत रक्तस्राव नव्हता. डॉक्टरांनी कन्कशन म्हणून लिहिलं आणि मला समजेल अशा शब्दांत सांगितलं, “मेंदूला मुका मार बसलाय.”

ती महिन्याभरात बरी झाली. मी मात्र त्या चौकोनाकडं आणि माझ्या प्रश्नाकडं पुढं कितीतरी दिवस परत परत जात राहिलो. “लागलं नाही ना?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. तेरा वर्षांच्या पोरीनं, सामना चालू असताना, मास्तराला ‘लागलंय’ म्हणायचं तर आधी मास्तराला खोटं पाडावं लागतं.

आता हा मुका मार म्हणजे काय ते बघू. हात मोडला तर एक्स-रेत दिसतो, गुडघा फुटला तर रक्त येतं. कन्कशनमध्ये बाहेरून बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. स्टीलच्या डब्यात खरवस लावलाय असं समजा. डबा टणक, आतला खरवस मऊ. डबा हातातून सुटून फरशीवर आपटला तर डब्याला पोचासुद्धा येत नाही, पण झाकण उघडलं की आतल्या वड्या हललेल्या असतात. मेंदूचं तसंच. मोठ्या माणसात सव्वा-दीड किलोच्या आसपासचा हा मऊ अवयव कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं जोरात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की तो आतल्या आत हेलकावतो, पिळला जातो, त्याचे बारीक तंतू ताणले जातात.

त्यासाठी डोकंच आपटायला हवं असंही नाही. कबड्डीत चढाईला गेलेल्या पोराला आडव्या बाजूनं धडक बसली, छातीवर बसली, तरी मान झटका खाते आणि आत तेच होतं. लहान पोरांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, जवळजवळ मोठ्या माणसाएवढं झालेलं, आणि मान मात्र काडीची. म्हणून त्यांना हा झटका जास्त बसतो.

पेशींच्या पातळीवर काय होतं ते कळलं की पुढच्या सगळ्या सूचनांचा अर्थ लागतो, म्हणून तेवढं सांगतो. ताण बसल्यावर मेंदूच्या पेशींची दारं एकदम सताड उघडतात. आतलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. हे सगळं परत जागच्या जागी लावायला पेशी आपले पंप पूर्ण जोरानं चालवतात आणि त्यासाठी त्यांना नेहमीपेक्षा जास्त साखर लागते. नेमका त्याच वेळी मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मळ्यात थ्री-फेज आली की सगळे जण एकदम मोटरी चालू करतात आणि व्होल्टेज पडतं, बघा, पाणी धड कुणाच्याच पाटात येत नाही. कन्कशन झालेल्या पोराचा मेंदू काही दिवस त्या कमी व्होल्टेजवर चालत असतो. म्हणून ते पोर फळ्यावरचं उतरवून घेताना थकतं, टीव्हीच्या आवाजानं चिडतं आणि दुसरा मार सोसायची त्याची ताकद उरत नाही.

सीटी स्कॅनमध्ये हे का दिसत नाही, तेही इथंच कळतं. स्कॅन हाड आणि रक्त दाखवतो, पेशींमधली मीठ-साखरेची उलथापालथ दाखवत नाही. “सर, स्कॅन नॉर्मल आलाय, उद्यापासून तालमीत पाठवू काय?” असं मला पालकांनी कितीदा विचारलंय. स्कॅन नॉर्मल म्हणजे कवटी फुटलेली नाही आणि आत रक्त साचलेलं नाही. तेवढंच. कन्कशन आहे की नाही हे डॉक्टर ठरवतात ते पोराला प्रश्न विचारून, तोल बघून, डोळे बघून आणि पोर काय सांगतं ते ऐकून. म्हणजे तपासणीचा मोठा भाग पोराच्या तोंडून येतो. पोरानं झाकलं तर बेळगावातल्या भारीतल्या भारी यंत्रालाही ते सापडायचं नाही.

आणि पोरं झाकतात. ती लबाड असतात म्हणून नव्हे. तालमीत वस्तादांनी दोन वर्षं मेहनत करून घेतलेली असते, घरात दूध-बदामाच्या खुराकाला पैसे गेलेले असतात, गावच्या जत्रेच्या मैदानात नेमलेली कुस्ती तोंडावर असते. कुणाला मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीची स्वप्नं पडत असतात आणि ‘कागदावर डोक्याचं आलं तर?’ ही भीती बापापेक्षा पोरालाच जास्त असते. कुणाला संघातली जागा जायची धास्ती. मुलींची गोष्ट आणखी वेगळी आहे, ती फार कुणी बोलत नाही. मुलीला पक्कं माहीत असतं, की घरी डोक्याला लागल्याचं कळलं तर चार दिवसांची विश्रांती नाही मिळायची, खेळच बंद होईल. ‘आता पुरे झालं ते खो-खो, वयात आलीस.’ खांबावर कपाळ आपटूनही ती का हसली, हे मला तिच्या आईशी बोलल्यावर कळलं. आईनं स्वतःच सांगितलं, “गेल्या वर्षी हात मुरगळला तेव्हाच आम्ही बंद करणार होतो, सर.”

तेव्हा पालकांनी पोराशी पहिलं बोलणं करायचं ते लागण्याच्या आधी. शाळांचे तालुका सामने, दसरा क्रीडा स्पर्धा, जत्रांचा हंगाम, जे काय असेल ते सुरू व्हायच्या आठवडाभर आधी. भाषण नको. जेवताना, नाहीतर गाडीवरून येताना. त्यात एक वचन द्यायचं: “डोक्याला लागलेलं सांगितलंस म्हणून तुझा खेळ बंद करणार नाही.” हे वचन दिलं तर ते पाळायला लागेल, हे आधीच मनाशी ठरवा. एकदा मोडलं की पुढच्या वेळी पोर बोलायचं नाही.

दुसरं सांगायचं ते सोबत्यांबद्दल. मार बसलेल्याला स्वतःला बऱ्याचदा कळत नाही. ज्यानं समजायचं, तोच मेंदू गडबडलेला असतो. माझ्या पोरीचं उलटं बसणं पहिल्यांदा तिच्या शेजारणीनं बघितलं होतं, ती बोलली नाही, हसली. म्हणून पोराला सांगा, की तुझ्या संघातला कुणी चुकीच्या बाजूला पळायला लागला, गुण किती झाले विसरला, गप्प गप्प झाला किंवा डोकं धरून बसला, तर सरांना जाऊन सांगायचं. याला चुगली म्हणत नाहीत.

तिसरं म्हणजे काय काय सांगायचं याचे शब्द पोराला द्या. पोरांकडं ‘गरगरतंय’ हा एकच शब्द असतो आणि तो ती उन्हातही वापरतात, उपाशी असतानाही. दुखणं, मळमळ, डोळ्यांपुढं अंधारी किंवा दोन-दोन दिसणं, उजेड नकोसा होणं, कानात घूं घूं, पाय लटपटणं, ‘धुक्यात असल्यासारखं’ वाटणं, उगाच रडू येणं. यातलं एक जरी मार बसल्यावर सुरू झालं तरी सांगायचं. आणि हे पोराला जरूर सांगा, की बेशुद्ध पडणं गरजेचं नाही. कन्कशनमध्ये शुद्ध हरपते ती दहातल्या एखाद्यालाच, किंबहुना त्याहून कमी जणांना. ‘चक्कर येऊन पडला नाही, मग काय झालं?’ हे आपल्याकडं अजूनही कट्ट्यावर ऐकू येतं.

आता तो ‘ना’. मराठीत आपण काळजी दाखवताना हमखास ‘ना’ लावतो. बरा आहेस ना? दुखत नाही ना? जेवलास ना? प्रेमानंच विचारतो, पण समोरच्यानं फक्त मान हलवायची सोय करून ठेवतो. त्याऐवजी असं विचारायचं, की त्याला काहीतरी आठवून सांगावं लागेल. माझ्या ओळखीच्या एका बापानं तालमीतून येणाऱ्या पोराशी केलेलं बोलणं मी त्याच्या ओसरीवर बसून ऐकलंय.

“आज किती वेळा पडलास?”

“तीन-चारदा.”

“सगळ्यात जोरात कुठलं?”

“त्या थोरल्या पोरानं ढाक मारली ते.”

“डोकं कुठं टेकलं? हात लावून दाखव.”

“हितं मागं.”

“मग उठल्यावर काय दिसत हुतं?”

पोर जरा थांबलं. “पांढरं पांढरं दिसलं वाईच, अप्पा. आता काय नाही.”

“आता दुखूलंय काय, ते सांग. दहातलं किती?”

“दोन. तीन आसंल.”

बापाचा आवाज कुठंही चढला नाही. ‘आधी का नाही सांगितलंस’ असंही तो म्हणाला नाही, आणि ते न म्हणणं सगळ्यात अवघड होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पोराला तालमीला न पाठवता डॉक्टरांकडं नेलं.

‘पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं म्हणणारे आजोबा प्रत्येक घरात असतात. त्यांना क्रिकेटची गोष्ट सांगा, ती त्यांना पटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. तो बाहेर गेला, त्याला तपासलं, सगळं ठीक वाटलं, म्हणून तो परत फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं डोकं जड झालेलं, दुखत होतं. म्हणजे जगातल्या उत्तम डॉक्टरांनी मार लागल्यावर लगेच तपासलं तरी त्रास दुसऱ्या दिवशी उगवू शकतो. त्याच महिन्यापासून आयसीसीनं कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायला परवानगी दिली होती, म्हणून स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये कॅनबेराला मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर बसला, तेव्हा त्याच्या जागी युजवेंद्र चहल उतरला आणि तीन बळी घेऊन गेला. जडेजा काही नाजूक गडी नव्हे.

आणि हेल्मेटचं म्हणाल, तर हेल्मेट कवटी वाचवतं. खरवसाच्या डब्याला बाहेरून गोणपाट गुंडाळलं म्हणून आतलं हलायचं थांबत नाही. हेल्मेट घालाच, पण ‘हेल्मेट होतं, मग काय’ असं म्हणू नका.

कन्कशनची सगळ्यात मोठी भीती पहिल्या माराची नसते. पहिला मार बरा व्हायच्या आत बसलेल्या दुसऱ्याची असते. व्होल्टेज आधीच पडलेलं आहे, त्यात आणखी एक धक्का. क्वचित, पण विशेषतः कोवळ्या वयात, असा दुसरा मार अगदी साधा असला तरी मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि काही मिनिटांत जिवावर बेततं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात २००६ साली झॅकरी लिस्टेड नावाचा १३ वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बसला आणि त्याच सामन्यात परत खेळला. सामना संपल्यावर कोसळला. डोक्यावर मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, जीव वाचला, पण बोलणं, उठणं, चालणं पहिल्यापासून शिकावं लागलं. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये त्या राज्यानं कायदा केला: कन्कशनचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. हंगामाआधी पालकांनीही माहितीपत्रक वाचून त्यावर सही करायची. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. आपल्या तालमीत कायदा वस्तादांचा आणि घरात आई-बापाचा. तेव्हा ‘संशय आला की त्या दिवसाचा खेळ संपला’ एवढं एक कलम आपण आपल्यापुरतं आजच करू शकतो. अंतिम सामना असला तरी, समोर आमदार बसलेले असले तरी.

काही खुणा अशा आहेत की तिथं घरी वाट बघत बसायचं नाही. डोकेदुखी वाढतच चाललीय. परत परत ओकारी होतेय. झटका आला. शुद्ध हरपली, मग ती क्षणभर का असेना. बोलणं अडखळतंय, हात किंवा पाय बधिर पडलाय, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसतेय. माणसं ओळखत नाही, उगाच अंगावर धावून येतोय. झोपलाय आणि उठवून उठत नाही. नाका-कानातून पाणी किंवा रक्त येतंय. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या चारचाकीनं मोठ्या दवाखान्यात न्यायचं. मान दुखतेय म्हणाला तर मान न हलवता आहे तिथंच आडवा ठेवायचा आणि मदत येईपर्यंत थांबायचं. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूच्या लोकांना तर मी सांगेन, की एक खूण दिसली की दुसरीची वाट बघू नका. तिथून बेळगाव गाठेपर्यंत लागणारा वेळ तुमच्या हिशेबात आधीच वजा आहे. कांदा, चप्पल हुंगवणं, डोक्यावर घागर ओतणं, तेल चोळणं, यातलं काही करू नका. आणि गरगरणाऱ्या पोराला मोटारसायकलवर मागं बसवून न्यायचं नाही. ते वाटेत पडेल.

इतकी घाई कशासाठी, हे रमण लांबाच्या गोष्टीवरून कळतं. भारताकडून खेळलेला हा फलंदाज फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबच्या सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटशिवाय उभा होता. फटका थेट डोक्यावर बसला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेला. नंतर तब्येत ढासळली, शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांनी तो गेला. वय ३८. हा नुसता मुका मार नव्हता, आत रक्तस्राव होता. पण सुरुवातीला दोन्ही सारखेच दिसू शकतात. चालत बाहेर गेला म्हणून सुटला असं नसतं. म्हणूनच पहिले काही तास पोराला एकटं सोडायचं नाही.

डॉक्टरांकडं नेताना सीमाभागातली एक अडचण असते. आपल्या घरात मराठी, पण रुग्णवाहिकेवरचा माणूस, रात्रपाळीची नर्स किंवा मैदानावरचे पंच कन्नड बोलणारे असू शकतात. घाबरलेल्या माणसाला दुसरी भाषा सुचत नाही. तीन शब्द पाठ करून ठेवा. ‘तलेगे पेट्टु बिद्दिदे’ म्हणजे डोक्याला मार लागलाय. ‘तले सुत्तु’ म्हणजे चक्कर. ‘वांती’ तर दोन्हीकडं वांतीच. किती वाजता लागलं, कशावर लागलं, ओकारी किती वेळा झाली, हे कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून नेलंत तर कुठल्याही भाषेतला डॉक्टर ते पहिल्यांदा मागून घेईल.

डॉक्टरांनी घरी सोडल्यावर काय? जुनी समजूत होती, की पोराला अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवायचं आणि रात्री तासातासानं उठवायचं. आता तसं सांगत नाहीत. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर झोप हेच औषध. त्यांनी रात्री बघायला सांगितलं असेल तेवढं बघा, नाहीतर झोपू द्या. खेळातल्या कन्कशनवर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांची २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला बैठक झाली, तिचं मार्गदर्शन असं आहे: पहिले २४ ते ४८ तास शांतपणे घ्या, पण अगदी खाटेला खिळू नका. घरात-अंगणात फिरणं चालतं. या दोन दिवसांत मोबाइल आणि टीव्ही कमीत कमी. दुखण्यावर गोळी डॉक्टरांना विचारूनच. पॅरासिटॅमॉल सहसा चालतं, पण ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या सुरुवातीला टाळतात, कारण आत रक्तस्राव असेल तर त्या तो वाढवू शकतात. घरातल्या डब्यात उरलेली सांधेदुखीची गोळी आजीनं प्रेमानं दिली, असं होऊ देऊ नका.

मग आधी शाळा, नंतर खेळ. हा क्रम पालक नेमका उलटा करतात. पोर दुपारी मैदानात सोडतात, कारण ‘तिथं डोकं चालवावं लागत नाही’. वर्गशिक्षकांना भेटून सांगा, की दोन-चार दिवस अर्धा वेळ येईल, फळ्यावरचं कमी लिहील, चाचणी नंतर घ्या. आमच्या मुलांना तीन भाषांतलं वाचायचं असतं, कमी व्होल्टेजच्या डोक्याला ते जड जातंच.

खेळाकडं परतणं पायऱ्यांनी. पैलवानाच्या भाषेत सांगतो. आधी नुसतं चालणं. मग हलकं पळणं, नंतर जरा वेगानं, पण तालमीत उतरायचं नाही. पुढं एकट्यानं मेहनत, पण हौद्यात कुणाशी भिडायचं नाही. त्रास पूर्ण थांबल्यावर जोडीदारासोबत डाव घोटणं, तेही पाडापाडी न करता. मग डॉक्टरांची परवानगी आणि त्यानंतरच तालमीतली खरी लढत. मैदानातली कुस्ती सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यायचे. सुरुवातीच्या पायऱ्यांवर मेहनत करताना डोकं थोडंसं दुखलं, दहापैकी दोनानं वाढलं आणि तासाभरात उतरलं तर घाबरायचं कारण नाही. त्याहून वाढलं तर त्या दिवशी थांबा आणि दुसऱ्या दिवशी परत करून बघा. मोठ्या माणसांना बहुतेक वेळा दोन आठवडे पुरतात, पोरांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. महिना उलटूनही त्रास असेल तर या विषयाच्या डॉक्टरांकडं जायला हवं. ‘नजर लागली’ म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या तर ओवाळा, पण दवाखान्याचा कागद हातात ठेवून.

वस्तादांशी, मास्तरांशी बोलायचं कसं, हा पालकांना खरा अडलेला प्रश्न असतो. मी दुसऱ्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून सांगतो. आमच्यासमोर ‘तुमच्यामुळं लागलं’ असं सुरू केलंत, की आमचे कान बंद होतात. “वस्ताद, पोराच्या डोक्याला मार बसलाय. डॉक्टरांनी असं असं सांगितलंय. तुम्ही त्याला कडेला बसवून डाव दाखवाल काय?” असं म्हटलं, की वस्तादाला त्यात काम मिळतं आणि पोराची तालीमही सुटत नाही. पोर लांब राहिलं की ते चोरून परत येतं. शेजारी बसवलं की थांबतं.

माझी ती पोरगी पुढं महिनाभर पॅव्हेलियनच्या पायरीवर बसून गुणफलक लिहायची. पहिल्या आठवड्यात तिचे आकडे ओळीतून घसरायचे, मग सरळ झाले. डॉक्टरांची चिठ्ठी आली, पायऱ्या झाल्या आणि एक दिवस ती सराव सामन्याला चौकोनात परत आली. मी जवळ गेलो. तोंडात ‘बरी आहेस ना’ आलेलं गिळलं आणि विचारलं, “आता नेमकं काय वाटूलंय, सांग.”

तिनं जरा विचार केला. “भूक लागलीय, सर.”